हार्डवेअर वॉलेट संगणकाला जोडताय? सांगली-मिरजेच्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

१८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून (क्रिप्टो घ्यायच्या-विकायच्या ऑनलाइन बाजारातून) सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. ज्यांची नाणी तिथं पडून होती त्यांना ती वर्षभराहून जास्त काळ बाहेर काढता आली नाहीत. तेव्हापासून सांगली, मिरज, तासगाव, विटा, कराड, सगळीकडून मला एकच प्रश्न येतो: "हार्डवेअर वॉलेट मागवलंय, आता पुढं काय करायचं?"

हार्डवेअर वॉलेट म्हणजे नाण्यांची गुप्त किल्ली एक्स्चेंजऐवजी तुमच्याच हातात ठेवणारं छोटं डिव्हाइस. ते विकत घेणं सोपं आहे. फसायची जागा त्याच्यापुढं येते. डिव्हाइस संगणकाशी बोलायला एक सॉफ्टवेअर लागतं, ते शोधायला माणूस गुगलवर जातो, आणि चोर नेमका तिथं दुकान मांडून बसलेला असतो. डिव्हाइस फोडून नाणी काढल्याच्या घटना मोजक्या. खोटं सॉफ्टवेअर टाकायला लावून मालकाच्याच हातून सगळं काढून घेणं मात्र रोजचं झालंय.

अशी वॉलेट बनवणाऱ्या दोन कंपन्यांबद्दल इथं सांगतोय, ट्रेझर आणि लेजर. मी ट्रेझर धरून सांगतोय, कारण ओळखीपाळखीच्या लोकांना जोडून दिलेली बहुतेक डिव्हाइसं तीच होती. लेजरमध्ये जिथं वेगळं आहे तिथं तसं सांगेन. क्रिप्टो घ्यावं की नाही, भाव वर जाणार की खाली, हे या लेखात नाही.

सुरू करण्याआधी: कोणाचं काम काय

तुमची खाजगी किल्ली, म्हणजे जिच्यामुळे नाणी तुमची ठरतात ती, डिव्हाइसच्या आत तयार होते आणि आतच राहते. संगणकावरचं सॉफ्टवेअर शिल्लक दाखवतं, व्यवहाराचा कागद तयार करतं आणि सहीसाठी डिव्हाइसकडे पाठवतं. तुम्ही डिव्हाइसवर बटण दाबलं की आत सही होते, आणि सही झालेला कागद सॉफ्टवेअर इंटरनेटवर सोडून देतं. बस, एवढंच त्याचं काम.

म्हणजे सॉफ्टवेअर खोटं निघालं तरी ते किल्ली ओढून घेऊ शकत नाही. त्याला दोनच गोष्टी जमतात: तुम्हाला चुकीचा पत्ता दाखवणं, किंवा "तुमचे शब्द इथं टाका" असं म्हणणं. (शब्द म्हणजे डिव्हाइस तयार करतं ती इंग्रजी शब्दांची यादी; तिच्यावरून किल्ली परत उभी करता येते.) खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टी अडवण्यासाठी आहेत. संगणकाचा पडदा एक सांगतोय आणि डिव्हाइसचा छोटा पडदा दुसरं, असं झालं तर डिव्हाइसचं खरं माना.

काय काय जवळ हवं

- डिव्हाइस, आणि त्याच्यासोबत आलेली केबल. घरातली कुठलीही नको, कारण पायरी ८ मध्ये आहे.
- तुमचा स्वतःचा लॅपटॉप किंवा संगणक. ऑफिसचा नको, सायबर कॅफेचा तर नकोच.
- घरचं इंटरनेट किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट.
- कोरा कागद, बॉलपेन. डिव्हाइसच्या खोक्यात छापील कार्ड येतं, ते चालेल.
- नंतरसाठी: स्टेनलेस स्टीलची पट्टी आणि अक्षरांचे पंच.
- खरेदीचं बिल आणि एक्स्चेंजवरचे व्यवहारांचे उतारे. हे करासाठी.
- दोन-तीन तास सलग मोकळा वेळ. दुकान उघडं ठेवून, गिऱ्हाईक करत करत हे काम करू नका.

पायरी १: डिव्हाइस कुठून घ्यायचं

कंपनीच्या संकेतस्थळावरून, नाही तर तिथं दिलेल्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीतून. ऑनलाइन बाजारात स्वस्त मिळतंय, टेलिग्रामवर कोणी "वापरलेलं पण नवंच" विकतोय, असल्या सौद्यांत पडू नका. परदेशातून थेट मागवलं तर कस्टम्सची रक्कम वेगळी पडते आणि कुरिअरवाले केवायसी मागतात, तेवढी तयारी ठेवा.

खोकं आलं की दोन गोष्टी बघा. ट्रेझर सेफ ३ च्या यूएसबी तोंडावरच होलोग्रामचं सील असतं. ते निघालेलं, फाटलेलं किंवा दुसऱ्यांदा चिकटवल्यासारखं दिसलं तर पुढं जाऊ नका. लेजरच्या खोक्यावर असं सील नसतंच, त्यामुळे ते नाही म्हणून घाबरू नका. तिथं अस्सलपणाची तपासणी सॉफ्टवेअरमधून होते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खोक्यातल्या कार्डावर शब्द आधीच लिहिलेले किंवा छापलेले असतील, किंवा कोणी स्क्रॅच करून बघायचे शब्द दिले असतील, तर तो सरळ चोरीचा सापळा आहे. शब्द तुमच्या समोर, तुमच्या डिव्हाइसच्या पडद्यावर जन्माला यायला हवेत.

मागवताना शक्यतो वेगळा ईमेल वापरा आणि पार्सल घराऐवजी दुकानाच्या किंवा ऑफिसच्या पत्त्यावर घ्या. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची यादी फुटली आणि पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांचे घरचे पत्ते, फोन नंबर उघड्यावर आले. पुढच्या वर्षी त्यांपैकी काहींच्या घरी "तुमचं डिव्हाइस बदलून देतोय" म्हणत खोटी डिव्हाइसं पोस्टाने आली. पॅकिंग एकदम खऱ्यासारखं होतं. आता तर क्यूआर कोड छापलेली पत्रंही येतात.

पायरी २: आधी लॅपटॉप झाडून घ्या

आपल्याकडच्या लॅपटॉपची अवस्था मला माहीत आहे. दुरुस्तीला दिला की विंडोज कुठून तरी आणून टाकलेलं असतं, ते चालू राहावं म्हणून एक ॲक्टिव्हेटर घातलेला असतो, आणि त्या ॲक्टिव्हेटरसाठी अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला असतो. वर डेस्कटॉपच्या कोपऱ्यात एनीडेस्क, कारण दुकानदाराला फोनवरून मदत करायची असते. असल्या मशीनवर लाखाचा व्यवहार करायचा म्हणजे मुद्दाम संकटाला बोलावणं.

सगळ्यात बरं म्हणजे मूळ परवान्याचं विंडोज नव्याने टाकून घेणं. जमत नसेल तर निदान एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखी दूरवरून चालवायची सॉफ्टवेअरं काढा, क्रॅक केलेलं जे काही आहे ते काढा, विंडोजचे अपडेट पूर्ण होऊ द्या, विंडोज डिफेंडर चालू करून पूर्ण स्कॅन मारा. ब्राउझरमधली एक्स्टेंशनं उघडून बघा. कधी टाकलं ते आठवत नाही असं जे असेल ते उडवा.

पायरी ३: सॉफ्टवेअर उतरवणं

इथंच सगळ्यात जास्त लोक बुडतात, म्हणून इथं जरा थांबू.

ट्रेझरचं सॉफ्टवेअर म्हणजे ट्रेझर सूट. लेजरचं लेजर लाइव्ह. २०२५ मध्ये त्याचं नाव लेजर वॉलेट झालं, त्यामुळे दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका. पूर्वी ट्रेझरसाठी ट्रेझर ब्रिज नावाचा एक छोटा प्रोग्राम वेगळा टाकावा लागायचा. तो संगणकात मागे चालू राहायचा आणि ब्राउझर व डिव्हाइस यांच्यात निरोप द्यायचा. आता तो वेगळा घ्यायची गरज नाही. ते काम डेस्कटॉपवरच्या सूटमध्येच आलंय, आणि जुना सुटा ब्रिज असेल तर काढून टाका असं कंपनीच सांगते.

पण यूट्यूबवर जुने व्हिडिओ तसेच आहेत. ते बघून माणूस "ट्रेझर ब्रिज डाउनलोड" असं शोधतो. मग जी पानं वर येतात त्यांतली कितीतरी फुकट संकेतस्थळ बनवून देणाऱ्या सेवांवर उभी केलेली असतात: गुळगुळीत इंग्रजी, पायऱ्यांची यादी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न, मधोमध हिरवं बटण. दिसायला मदतीचं पान, बटणामागे चोराची फाइल. काही पानं फाइलच्या भानगडीतही पडत नाहीत. "डिव्हाइस सिंक करण्यासाठी तुमचे २४ शब्द टाका" असा रकाना समोर ठेवतात आणि मोकळी होतात.

म्हणून नियम असा:

गुगलवर शोधायचंच नाही. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पत्ता हाताने टाइप करा: ट्रेझरसाठी ट्रेझर डॉट आयओ, लेजरसाठी लेजर डॉट कॉम. स्पेलिंग डिव्हाइसच्या खोक्यावर छापलेलं असतं, त्याच्याशी एकेक अक्षर ताडून बघा. पान उघडलं की बुकमार्क करा आणि पुढं कायम त्या बुकमार्कवरूनच जा. शोधल्यावर सर्वांत वर जी "प्रायोजित" जाहिरात येते तिच्यावर तर बोटही ठेवू नका.

ईमेलमधल्या दुव्यावरूनही जायचं नाही, मग मेल कितीही खरा वाटो. एप्रिल २०२२ मध्ये ट्रेझरच्या ग्राहकांना मेल आला की कंपनीत घुसखोरी झालीय, ताबडतोब नवीन सूट उतरवा. कंपनी बातमीपत्र पाठवायला जी बाहेरची सेवा वापरत होती तिच्यातून पत्ते चोरीला गेले होते. मेलमधल्या पत्त्यात ट्रेझरच्या स्पेलिंगमधल्या 'ई' अक्षराखाली एक बारीक टिंब होतं. तेवढाच फरक. मोबाइलच्या पडद्यावर ते टिंब म्हणजे धुळीचा कण वाटावा असं.

"ॲप स्टोअरवर आहे म्हणजे खरंच असणार" हेही डोक्यातून काढा. २०२१ मध्ये ॲपलच्या स्टोअरवर ट्रेझरच्या नावाचं खोटं ॲप होतं आणि त्यात एका माणसाचे १७ बिटकॉइन गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर लेजर लाइव्हच्या नावाचं बनावट ॲप सापडलं. तिथून साधारण १६.८ बिटकॉइन चोरांच्या पत्त्यावर पोचले होते. मोबाइलवर हवंच असेल तर कंपनीच्या पानावरच्या दुव्यावरून स्टोअरमध्ये जा, स्टोअरमध्ये नाव टाकून शोधू नका. माझं विचाराल तर पहिली जुळवाजुळव डेस्कटॉपवरच करा.

पायरी ४: उतरवलेली फाइल तपासणं

ही पायरी लोक गाळतात. आपल्या विट्याकडची गलाई मंडळी गाव सोडून देशभर सोनं-चांदी वितळवतात, पण पावती बघून कस ठरवत नाहीत. माल स्वतः घासून बघतात. फाइलचंही तसंच करायचं.

सोपी तपासणी आधी. विंडोजमध्ये उतरवलेल्या फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात डिजिटल सिग्नेचर्स हा टॅब. तिथं कंपनीची सही दिसायला हवी. टॅबच नसेल, किंवा इन्स्टॉल करताना विंडोजने "अज्ञात प्रकाशक" म्हटलं, तर फाइल पुसून टाका. "तरीही चालवा" हे बटण या कामात आपल्यासाठी नाही.

पक्की तपासणी थोडी किचकट आहे, पण एकदा केली की हात बसतो. विंडोजवर जीपीजी-फॉर-विन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याच्यासोबत क्लिओपात्रा नावाची खिडकी येते. ट्रेझरच्या डाउनलोड पानावर इन्स्टॉलरच्या जवळच सहीची छोटी फाइल आणि कंपनीची सही ओळखायची सार्वजनिक किल्ली (तुमच्या खाजगी किल्लीशी हिचा संबंध नाही) मिळते. तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा, किल्ली क्लिओपात्रात आयात करा, सहीच्या फाइलवर डबल क्लिक करा. सही जुळल्याचा निरोप आला म्हणजे इन्स्टॉलरमध्ये वाटेत कोणी हात घातलेला नाही.

आता यातली मेख. पानच खोटं असेल तर त्यावरची किल्लीही खोटी असणार आणि सही झकास जुळणार! म्हणून किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची लांबलचक खूण, दुसऱ्या ठिकाणाहून ताडून घ्या. सूटचा सगळा कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघायला खुला आहे, तिथं कंपनीच्या अधिकृत खात्यावर बघता येतं. मोबाइलवर वेगळ्या इंटरनेटवरून ते पान उघडून लॅपटॉपवरच्या खुणेशी जुळवलं तर आणखी बरं.

लेजर आपल्या फाइलींचे हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेली आकडे-अक्षरांची लांब खूण, प्रसिद्ध करतं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही सोय आधीपासून असते. काही सांगितलं नाही तर ती एसएचए-२५६ प्रकारचा हॅश काढते आणि लेजरची यादी एसएचए-५१२ ची असते, तर ५१२ सांगून काढा. नाही तर आकडे जुळणार नाहीत आणि उगाच धसका घ्याल.

पायरी ५: जोडणी आणि फर्मवेअर

आता सूट इन्स्टॉल करा, उघडा, डिव्हाइस जोडा. मॅकवर "हे उपकरण जोडू द्यायचं का" असं विचारलं तर हो म्हणा. लिनक्सवर डिव्हाइस दिसत नसेल तर युडेव्हचे नियम (डिव्हाइस वापरायची परवानगी देणारी छोटी फाइल) टाकावे लागतात, ते ट्रेझरच्या पानावर तयार मिळतात.

नवं ट्रेझर फर्मवेअरशिवाय (डिव्हाइसच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरशिवाय) येतं आणि सूट ते तुमच्यासमोर टाकतो. पहिल्याच जोडणीत "यात आधीच फर्मवेअर आहे" असा इशारा आला, तर डिव्हाइस तुमच्याआधी कोणीतरी उघडलेलं आहे. थांबा आणि विक्रेत्याला परत करा. सेफ ३, सेफ ५ मध्ये सूट आतल्या सुरक्षित चिपला विचारून अस्सलपणा तपासतो. लेजरमध्येही तशीच तपासणी कंपनीच्या सर्व्हरशी बोलून होते. ती अर्धवट सोडून पुढं जाऊ नका.

फर्मवेअर टाकताना केबल हलवू नका. डेस्कटॉप संगणक असेल आणि यूपीएस नसेल, तर वादळी पावसाच्या संध्याकाळी हे काम काढू नका. वीज गेली म्हणून डिव्हाइस कायमचं बिघडत नाही, बहुतेक वेळा पुन्हा जोडून पुन्हा टाकता येतं, पण नवख्या माणसाचा जीव उगाच टांगणीला लागतो. पुढच्या प्रत्येक अपडेटच्या वेळी मात्र शब्दांची प्रत हाताशी आहे याची खात्री करून मगच बटण दाबा.

पायरी ६: शब्द

"नवीन वॉलेट तयार करा" निवडलं की डिव्हाइस एकेक इंग्रजी शब्द दाखवतं. लेजरवर २४ असतात. ट्रेझरच्या नव्या डिव्हाइसांवर आपोआप २० येतात, १२ किंवा २४ निवडताही येतात. हे शब्द म्हणजेच तुमची नाणी. डिव्हाइस हरवलं, जळलं, कृष्णेत पडलं तरी शब्दांवरून दुसऱ्या डिव्हाइसमध्ये सगळं परत येतं. आणि शब्द दुसऱ्याला मिळाले तर त्याला तुमच्या डिव्हाइसची गरजच उरत नाही.

क्रमाने, आकडे घालून, कागदावर लिहा. फोटो काढायचा नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचे नाहीत, गुगल ड्राइव्हवर नाहीत, नोट्समध्ये नाहीत. खोलीत सीसीटीव्ही असेल तर त्याच्याकडे पाठ करून बसा. दुकानात बसून लिहू नका म्हटलं त्याचं हेही एक कारण.

कीबोर्डवर हे शब्द कधीच उमटायला नकोत. इथं एक बारकावा आहे जो जुन्या ट्रेझर वनवाल्यांना माहीत हवा. त्या डिव्हाइसला बटणं दोनच, त्यामुळे वॉलेट परत आणताना साध्या पद्धतीत ते शब्द संगणकावर, उलटसुलट क्रमाने टाकायला सांगतं. ते खोटं नसतं. पण त्यात प्रगत पद्धतही आहे, ज्यात पडद्यावर फक्त चौकोन दिसतात आणि खरी अक्षरं डिव्हाइसवर. वेळ जास्त जातो, तरी तीच निवडा. बाकीच्या डिव्हाइसांवर शब्द डिव्हाइसच्याच बटणांनी किंवा टचस्क्रीनवर टाकायचे असतात. तिथं संगणकाने शब्द मागितले तर विषय तिथंच संपला, ते सॉफ्टवेअर खोटं.

आता कागदाबद्दल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ ची. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. गावभाग, मारुती चौक या बाजूच्या लोकांना सांगायला नको की तळमजल्यावरच्या कपाटातल्या कागदांचं काय होतं. तेव्हा कागद ही कच्ची नोंद समजा आणि पक्की स्टीलवर करा.

बाहेर तयार प्लेटी मिळतात, महाग असतात. कुपवाड एमआयडीसीत एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी कापून घ्या, कडा घासून घ्या. अक्षरांच्या पंचांचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तीन किंवा चार मिलिमीटरचा बरा. ठोकताना पट्टीखाली जाड लोखंडी ठोकळा हवा. लाकडावर ठेवून ठोकलं तर पट्टी वाकते आणि अक्षर उमटत नाही. आधी तुकड्यावर सराव करा, पंच सरळ धरून एकच दणका; दोनदा मारलं की अक्षर दुहेरी होतं आणि 'ई' आहे की 'एफ' हे पुढं कळत नाही. पूर्ण शब्द ठोकायची गरज नाही. यादीतल्या २,०४८ शब्दांची पहिली चार अक्षरं कुठल्याही दोन शब्दांत सारखी नाहीत, त्यामुळे चार अक्षरं पुरतात. ट्रेझरच्या २० शब्दांची यादी वेगळी आहे, पण चार अक्षरांचा नियम तिथंही चालतो.

ट्रॉफी, नेमप्लेट करणाऱ्याकडे नेऊन लेझरने कोरून घेऊ नका. अक्षरं सुरेख येतील, पण शब्द त्याच्या संगणकात राहतील. पट्टी ठेवायला बँकेचा लॉकर चालेल. लॉकरची खोली तळघरात किंवा तळमजल्यावर असेल आणि शाखा नदीच्या बाजूला असेल तर आम्ही सांगलीकर दुसरी शाखा बघतो. साताऱ्यात उंचावर राहणाऱ्यांना ही चिंता कमी.

पायरी ७: पिन

जन्मसाल, गाडीचा नंबर नको. ट्रेझरवर चुकीचा पिन टाकला की दरवेळी थांबायचा वेळ वाढत जातो आणि ठरावीक चुकांनंतर डिव्हाइस स्वतःला पुसून टाकतं. लेजर ३ चुकांतच. म्हणजे घरातल्या पोराने खेळता खेळता तीनदा दाबलं तरी लेजर कोरं होणार. शब्द जवळ असतील तर काही बिघडत नाही. पासफ्रेज (शब्दांच्या यादीला जोडायचा आणखी एक गुप्त शब्द) नावाची आणखी एक सोय दिसेल, ती आत्ता बंदच ठेवा. तिच्यात एक अक्षर चुकलं तरी डिव्हाइस चूक दाखवत नाही, दुसरंच रिकामं वॉलेट उघडून देतं, आणि लोकांना वाटतं पैसे गेले.

पायरी ८: डिव्हाइस दिसतच नाही तेव्हा

हा टप्पा मुद्दाम वेगळा काढलाय, कारण माणूस वैतागून गुगलवर धावतो तो इथंच. आधी हे करून बघा:

केबल बदला. मोबाइल चार्जरसोबतच्या कितीतरी केबलींतून फक्त वीज जाते, माहिती जात नाही. डिव्हाइसचा दिवा लागतो, पडदा उजळतो आणि संगणकाला मात्र काहीच दिसत नाही. खोक्यातली केबल हवी म्हटलं ते यासाठी. यूएसबी हब किंवा कीबोर्डवरचं छिद्र टाळून सरळ लॅपटॉपला लावा.

मग बघा की डिव्हाइस दुसऱ्या कोणी धरून ठेवलंय का. सूट डेस्कटॉपवर उघडलेला, ब्राउझरमध्ये दुसरा टॅब उघडलेला, शिवाय मेटामास्क (ब्राउझरमधलं वॉलेट), असं सगळं एकदम चालू असेल तर ते आपसात भांडतात. एक ठेवून बाकी बंद करा. जुना सुटा ब्रिज राहिला असेल तर विंडोजच्या ॲपच्या यादीतून काढा आणि संगणक पुन्हा चालू करा.

ब्राउझरमधून वापरायचं असेल तर क्रोम, एज, ब्रेव्ह थेट यूएसबीशी बोलू शकतात. फायरफॉक्स आणि सफारी बोलू शकत नाहीत. तिथं डेस्कटॉपचा सूट मागे चालू ठेवावा लागतो.

एवढ्यानेही नाही झालं तर कंपनीच्या स्वतःच्या मदत पानावर, बुकमार्कवरून जा. फोन नंबर शोधू नका. ट्रेझर किंवा लेजर तुम्हाला स्वतःहून फोन करत नाहीत. टेलिग्रामच्या ग्रुपवर प्रश्न टाकलात की पाच मिनिटांत "सपोर्ट टीम"चा खाजगी निरोप येतो. तो ब्लॉक करा, उत्तर द्यायच्या भरीस पडू नका.

पायरी ९: आधी थोडे, मग सगळे

सूटमध्ये "रिसीव्ह" निवडा. पत्ता संगणकावर दिसेल आणि डिव्हाइसवरही. दोन्ही पूर्ण जुळवा, नुसती पुढची-मागची चार अक्षरं बघून भागत नाही. कॉपी केलेला पत्ता पेस्ट होताना गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत, म्हणून एक्स्चेंजच्या रकान्यात पेस्ट केल्यावर डिव्हाइसच्या पडद्याशी पुन्हा जुळवा.

एक्स्चेंजवर दोन गोष्टी बघा. काही ॲपमध्ये नाणी फक्त घेता-विकता येतात, बाहेर काढता येतच नाहीत. हे डिव्हाइस मागवायच्या आधी तपासलेलं बरं. आणि नेटवर्क (नाणं ज्या साखळीवरून, म्हणजे ब्लॉकचेनवरून जातं ती) बरोबर निवडा. शुल्क कमी दिसतंय म्हणून बिटकॉइन भलत्याच साखळीवरून पाठवलं तर ते शोधत बसाल. वॉलेट कोणाचं, असा प्रश्न एक्स्चेंज विचारतं. स्वतःचं आहे असं खरं ते सांगा.

पहिली रक्कम इतकी लहान की गेली तरी जेवण गोड लागेल. ती पोचली की डिव्हाइस मुद्दाम पुसा आणि कागदावरच्या शब्दांवरून परत उभं करा. तीच रक्कम परत दिसली म्हणजे शब्द बरोबर लिहिलेत. स्टीलची पट्टीही याच वेळी कागदाशी ताडून घ्या. मगच बाकीची नाणी हलवा.

नोंदीचं एक. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या कशाशी वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. स्वतःच्या खात्यातून स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नव्हे, पण मूळ खरेदीची किंमत एक्स्चेंजच्या उताऱ्यातच राहते. एक्स्चेंज उद्या बंद पडलं तर तो उतारा कुठून आणणार? आजच उतरवून सीएकडे देऊन ठेवा.

शब्द कुठं टाकलेच असतील तर

कुठल्या पानावर, ॲपमध्ये, फॉर्ममध्ये शब्द टाकले गेले आणि नंतर शंका आली, तर खात्री करत बसू नका. पिन बदलून काही होत नाही, डिव्हाइस काढून ठेवूनही होत नाही; शब्द गेले म्हणजे किल्ली गेली. लगेच नवे शब्द तयार करा. दुसरं डिव्हाइस असेल तर त्यावर. नसेल तर, जुने शब्द कागदावर आहेत याची खात्री करून, हेच डिव्हाइस पुसा, नवे शब्द लिहा, नवा पत्ता नोंदवून घ्या, मग डिव्हाइस परत पुसा, जुने शब्द टाका आणि नाणी त्या नव्या पत्त्यावर पाठवा. शुल्क वाचवायच्या नादात हळू जाणारा पर्याय निवडू नका. त्यानंतर डिव्हाइस पुन्हा पुसून नव्या शब्दांवर आणा.

नाणी गेलीच असतील तर १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. सोबत व्यवहाराचा आयडी, चोराचा पत्ता, खोट्या पानाच्या पूर्ण पत्त्याचा स्क्रीनशॉट आणि उतरवलेली फाइल एका पेनड्राइव्हवर न्या. ती फाइल पुन्हा उघडू नका, आणि तक्रार नोंदवून होईपर्यंत लॅपटॉप फॉरमॅट करू नका.